चाळीस कदमांवरची खूण

अब्बांनी मागणी सांगितली ती विटांची गाडी मागवावी तशी. दुपारचं जेवण उरकलं होतं. ते पडवीतल्या खाटेवर बसून सुपारी कातरत होते आणि मी समोर बसून महागावकडच्या एका हळदीच्या शेताचा नकाशा कागदावर उतरवत होतो. अडकित्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "मले तुह्या अम्मीच्या बाजूले जागा पाह्यजे. कुठं हाय ते पाहून ठेव. पानी उघडलं का कब्रस्तानातलं सारं झुडूप काढून नव्या ओळी धरनार हायेत. मंग आपलं कोनी ऐकनार नाई."

आमच्या घरातली बोली म्हणजे हिंदी-उर्दूची खिचडी. पण अब्बा गवंडी. सारा जन्म त्यांनी कुणब्यांच्या घरांच्या भिंती उभ्या करण्यात घातला, त्यामुळे काही पक्कं ठरवून बोलायचं झालं की ते वऱ्हाडीवर येतात. आता वय ऐंशीच्या पुढे आहे, चार पावलं टाकली की दम लागतो आणि डॉक्टरांनी उन्हात जायची बंदी केली आहे. तरी बोलणं असं, की ऐकणाऱ्याने घमेलं उचलून कामाला लागावं.

"उद्याच पाहून येतो," मी म्हणालो. हे म्हणताना मला काडीइतकीही शंका नव्हती. अम्मीची जागा माझ्या मशीनमध्ये होती.

मशीन म्हणजे उपग्रहांवरून जागा सांगणारा, हातात मावणारा जीपीएस. अब्बा त्याला डबा म्हणतात. त्याच्याआधी मी डिश अँटेना बसवायचो. आमच्या अर्ध्या ढाणकी गावाच्या छपरांवर मी चढलेलो आहे. तबकडी आग्नेयेकडे वळवायची, खालून कोणीतरी "आलं, आलं, गेलं" असं ओरडायचं आणि पुन्हा केसभर सरकवायची. लोक फोनवर सिनेमे बघायला लागले आणि छपरावरून मला कोणी बोलावेना. मग ठिबक बसवणाऱ्यांच्या कामात घुसलो. लोहाऱ्याहून नळ्या आणायच्या आणि नळ्या टाकायच्या आधी शेत मोजायचं. हातात मशीन धरून धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाच्या कडेने, शेताला एक फेरी मारली की आकार आणि क्षेत्रफळ दोन्ही मिळतं. मशीन जुनं घेतलेलं आहे, पण खोटं बोलत नाही. निदान मी सगळ्यांना असंच सांगत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कब्रस्तानात गेलो. नाल्यापलीकडे, बाभळी आणि कडुनिंबांच्या मधे काळ्या मातीची जागा आहे. आमच्याकडे कबरी कच्च्याच ठेवतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन-तीन वर्षांत उंचवटा जमिनीला मिळतो. अम्मीला जाऊन चार पावसाळे झाले होते. कोणाची कबर कुठे हे तोंडपाठ असणारे एक म्हातारे चाचा होते, कबरी तेच खोदायचे. मागच्या वर्षी तेही तिथेच जाऊन निजले, आणि आता त्यांची कबर कोणती हेसुद्धा दोघं दोन ठिकाणी दाखवतात.

मशीन सुरू केलं. यादीत नाव होतं, इंग्रजी अक्षरांत: अम्मी. बटण दाबलं. पडद्यावर बाण आला, अंतर आलं. मी बाणामागे चालत राहिलो. अंतर कमी होत होत तीन मीटरवर आलं आणि मी थांबलो तो पायवाटेच्या मधोमध. दोन्ही बाजूंना गवत, पायाखाली गाडीवाटेसारखी घट्ट तुडवलेली जमीन. याच वाटेने मय्यत आत आणतात.

देखरेख करणारे भाई झाडाखाली बसून माझं चालणं बघत होते. म्हणाले, "काय मोजून राह्यले? ठिबक टाकता का काय इथं?"

मी सांगितलं. ते उठून आले, पायवाटेकडे पाहिलं आणि हसले. "रस्त्यावर कोन दफन करते भाई? तुमची मशीन बिघडली."

मला राग आला. मशीन बिघडलं म्हणणाऱ्याचा मला नेहमीच राग येतो, कारण शेतकरीही तेच म्हणतात, शेत कागदावरच्यापेक्षा लहान निघालं की. मी फाटकाकडे गेलो, परत आलो. पुन्हा पायवाट. नाल्याकडून आलो. पायवाट. घरी येऊन आमच्या उंबरठ्याची खूण तपासली, चौकातल्या हातपंपाची तपासली. दोन्ही बरोबर होत्या. म्हणजे मशीन ठीक होतं आणि अम्मी पायवाटेत होती. दोन्ही एकदम खरं असणं शक्य नव्हतं.

बायकोने भाकरी वाढता वाढता विचारलं, "सापडल्या?"

"नाही."

"जित्तेपनी तं तुमी त्यायले कदी टायमावर भेटले नाई," ती म्हणाली, "आता उपग्रह लावून राह्यले."

ती सहज बोलली, पण मला लागलं. अम्मी गेली त्या दिवशीही मी उशिराच पोचलो होतो. सकाळी एका शेताची फेरी मारत असताना फोन आला आणि मी तिथूनच गाडीला किक मारली. घरी पोचलो तेव्हा तिच्या अंगावर चादर ओढलेली होती. बायकोसमोर मी एक भाकरी कमी खाल्ली आणि उठलो.

अब्बांना काय सांगावं कळेना. खोटं सांगायला सोपं होतं. एखादा खोलगट भाग दाखवून हीच म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं, कारण त्यांनी ती जागा पाहिलेलीच नव्हती. दफनाच्या दिवशी झड लागली होती आणि चिखलात त्यांचे पाय ठरेनात. फाटकाशी खुर्ची टाकून, डोक्यावर छत्री धरून त्यांना बसवलं होतं. कोणीतरी त्यांच्या ओंजळीत माती दिली, त्यांनी त्यावर दुआ पढली आणि ती माती दुसऱ्याने नेऊन कबरीत टाकली. पन्नासहून जास्त वर्षं संसार केलेल्या बाईला त्यांची माती अशी दुसऱ्याच्या हातून पोचली. त्या माणसाला खोटी जागा दाखवायची हिंमत माझ्यात नव्हती. म्हणून मी खरं सांगितलं की मशीन भलतीकडे नेतं आहे आणि का नेतं आहे ते कळत नाही.

"डबा वळखते कसा का आपन कुठं हाय म्हून?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मी त्यांचीच, भिंत सरळ धरायची ओळीची दोरी आणली. अंगणात तीन खुंट्या ठोकल्या आणि प्रत्येकीला ठरावीक लांबीचा एकेक तुकडा बांधला. तिन्ही टोकं ताणून एकत्र आणली तर ती एकाच ठिकाणी जुळतात, दुसरीकडे कुठेच नाही. "ह्या खुंट्या म्हंजे उपग्रह," मी म्हणालो. "एकेक उपग्रह वरून सारखा सांगत असते का मी इथं हाव आन् माह्या घड्याळात इतके वाजले. डबा फक्त आयकते, तिकडं काई पाठवत नाई. सांगनं किती उशिरा पोचलं त्याच्यावरून दोरी किती लांब हाय ते डबा काढते."

"तीन पुरे?"

"चार लागतेत. उपग्रहाचं घड्याळ पक्कं, डब्याचं सस्तं. घड्याळ चुकलं का साऱ्याच दोऱ्या सारख्या लांब नाईतं सारख्या आखूड होतेत, अन् टोकं जुळत नाईत. चौथ्या दोरीवरून कळते का घड्याळ कितीनं चुकलं."

अब्बांनी मान डोलावली. "गुण्या चुकला का चौथी भिंत जुळत नाई, तसं." गुण्या म्हणजे गवंड्याचं काटकोन धरायचं लोखंडी अवजार.

मी इतकी वर्षं ठिबकवाल्या पोरांना हे समजावत आलो आहे आणि एकालाही इतक्या पटकन कळलेलं नाही. मग त्यांनी खुंटी पायाने हलवून पाहिली. "अन् खुंटीच हालली तं?"

"हालतेतच, अब्बा. ते उपग्रह डिशच्या उपग्रहावानी एका जागी उभे नसतेत, फिरतेत. पन आपन आत्ता कुठं हाव हे बी ते सांगत जातेत."

"अन् दोरी ढिली राह्यली तं?"

"थोडी राह्यतेच. हवेतून येता येता, अन् झाडाखाली जास्त. तीन-चार मीटर इकडंतिकडं."

"तीन मीटरात मी एक खोली काढतो," अब्बा म्हणाले आणि दोरी गुंडाळायला लागले. मग डबा हातात घेऊन ते जागच्या जागी हळूहळू वळले. बाण ढिम्म राहिला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बघ, सापडला बिघाड.

"चालून पाहा," मी म्हणालो.

ते भिंत धरून सात-आठ पावलं चालले आणि बाण हळूच फिरून जागेवर आला. माझ्या मशीनमध्ये होकायंत्र नाही. तुमचं तोंड कुठे आहे हे त्याला कळतच नाही. मघाशी कुठे होता आणि आता कुठे आहात, एवढंच त्याला कळतं. त्या दोन जागा जोडून ते तुमची दिशा ठरवतं आणि मग बाण दाखवतं. उभ्या माणसाला ते दिशा सांगू शकत नाही. अब्बांना दम लागला होता, मी त्यांना खाटेवर बसवलं. ते म्हणाले, "डबा चांगला हाय. तुहंच काईतरी चुकलं."

हे ऐकून मी चिडलो. पण ते बरोबर होते आणि आठवड्याभरात मला ते कळलं.

आमच्या गल्लीतले एक टेलर वारले. दुपारच्या जोहरच्या नमाजेनंतर दफन होतं. माती देऊन झाली, आणि रिवाजाप्रमाणे सगळे कबरीपासून फाटकाकडे निघाले. आमच्याकडे दफनानंतर चाळीस कदम चालून थांबतात आणि तिथे पुन्हा एकदा हात उचलून दुआ करतात. काही मोहल्ल्यांत हे मानत नाहीत, आमच्यात मानतात. कोणी मोठ्याने मोजत नाही, पुढचा थांबला की सगळे थांबतात. मी थांबलो, हात उचलले, आणि माझा उजवा हात आपोआप खाली येऊन कुर्त्याच्या खिशाकडे गेला.

खिशात काही नव्हतं. पण हाताला आठवलं. अम्मीच्या दिवशी मी अशाच दुआला थांबलो होतो, पावसात, आणि खिशातलं मशीन न काढता आतल्या आत चाचपून बटण दाबलं होतं. कबरीजवळ असताना दाबायचं मनात आलं होतं, पण आईच्या कबरीवर उभं राहून पोरगा बटणं दाबतो हे चारचौघांत कसं दिसलं असतं? लाज वाटली. मग चाळीस कदम दूर आल्यावर, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना दाबलं. खुणेला नाव नंतर घरी बसून दिलं. चार वर्षं मी जिला अम्मीची जागा म्हणत होतो ती माझ्या लाजेची जागा होती.

आमीन म्हणायचं भान मला राहिलं नाही. शेजारच्याने कोपर मारलं तेव्हा हात तोंडावरून फिरवले. त्या क्षणी मला स्वतःची इतकी चीड आली की टेलरच्या मुलाशी दोन शब्द बोलायचेही राहून गेले.

खरी चूक बटणाची नव्हतीच. खूण मशीनमध्ये आहे म्हटल्यावर मी डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं. कोणत्या झाडापासून किती, कोणाच्या कबरीशेजारी, काही नाही. डिशच्या धंद्यात मी कौलं, खांब, शेजारची भिंत बघून वर्षांनंतरही अँटेनाची जागा सांगायचो. आईच्या वेळी मात्र डबा आहे म्हणून निवांत राहिलो.

चाळीस कदम म्हणजे चिखलात पंचवीसेक मीटर. पण कोणत्या दिशेला? पायवाटेच्या त्या ठिकाणाभोवती पंचवीस मीटरचं वर्तुळ काढलं तर अर्धं कब्रस्तान त्यात येतं. कबरीकडून फाटकाकडे आलो हे खरं, पण पायवाट वळणाची आहे आणि लोक गवतातून वाटेल तसे आले होते.

तेव्हा मला त्या दिवशीचं शेत आठवलं. मशीन सुरू असेल तर ते चाललेल्या वाटेवर ठिपके टाकत जातं. फोन आल्यावर मी मशीन बंद केलंच नव्हतं, ते दिवसभर खिशात सुरू होतं. आणि मोजलेल्या प्रत्येक शेताची वाट मी संगणकात उतरवून ठेवतो, कारण शेतकरी दोन वर्षांनी भांडायला येतो. ते शेतही ठेवलेलं असणार होतं.

होतं. संध्याकाळी ठिबकवाल्यांच्या दुकानात बसून मी ती वाट उघडली. पडद्यावर शेत आलं. तीन बाजू पूर्ण, चौथी निम्म्यावर सोडलेली. तिथून ठिपक्यांचा धागा रस्त्याला लागला आणि ढाणकीकडे सुसाट आला, ठिपके लांब लांब, कारण मी गाडी तशी पळवली होती. घरापाशी धागा तुटला. छपराखाली उपग्रहांचं सांगणं पोचत नाही. अम्मीजवळ मी जेवढा वेळ बसलो होतो तेवढा वेळ पडद्यावर काहीच नव्हतं. मग दारातून पुन्हा ठिपके, आता हळू आणि जवळजवळ, खांदा देत चालणाऱ्या माणसाचे. मी खुर्ची मागे सरकवून थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

परत येऊन पुढचं पाहिलं. कब्रस्तानात ठिपक्यांचा एक गुंता होता. माणूस जागेवर उभा असला तरी मशीन त्याला थोडं इकडे, थोडं तिकडे झालेलं समजतं, आणि तेव्हा मी जवळजवळ अर्धा तास एका जागी उभा होतो. त्या गुंत्यातून एक सरळ रेघ निघाली होती आणि ती थेट माझ्या खुणेपाशी येऊन थांबली होती. रेघेची लांबी सव्वीस मीटर. दिशा, उत्तरेपासून उजवीकडे मोजत, एकशे अठ्ठावीस अंश. म्हणजे उलट जायचं तर तीनशे आठ. वायव्य.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज झाली तसा थेट गेलो. पायवाटेवरच्या खुणेपासून वायव्येकडे चालू लागलो. हळू चाललं की दिशेचा आकडा नाचतो, म्हणून झपाझप चालावं लागतं, आणि गवतात लपलेल्या कबरींवरून झपाझप कसं चालणार? चप्पल हातात घेऊन, प्रत्येक खोलगट जागेला वळसा घालून, पुन्हा ओळीत येत मी सव्वीस मीटर काढले. जिथे पोचलो तिथे बांबूची एक कामटी रोवली.

एका दिवसावर विश्वास ठेवायचा नाही असं मी ठरवलं होतं. उपग्रह फिरत असतात, आज डोक्यावर एक मांडणी तर उद्या त्याच वेळी थोडी वेगळी. म्हणून रोज गेलो, कधी फजरनंतर, कधी कामावरून येताना, दिवस कलता, असरच्या नमाजेआधी. रोज नव्याने चालून रोज नवी कामटी. गुंत्याचा मध्य काढून त्याचीही वेगळी खूण केली आणि नाल्याच्या बाजूनेही तिच्यापर्यंत आलो. पावसाची एक सर आली तेव्हा प्लास्टिकची पिशवी डोक्यावर घेऊन उभा राहिलो. देखरेखवाले भाई पहिले दोन दिवस हसले, तिसऱ्या दिवशी त्यांनी विळा आणून गवत कापून दिलं. एका सकाळी म्हणाले, "एवढं कायले करता? दुआ तं कुठूनबी पोचते."

"दुआ पोचते, भाई," मी म्हणालो. "अब्बा पोचले पाह्यजेत."

ते विळा घेऊन पुन्हा गवत कापायला बसले.

बाराव्या दिवशी बारा कामट्या झाल्या. सगळ्या मिळून एका लहानशा खोलीएवढ्या जागेत होत्या. गवत निघाल्यावर त्या जागेत दोन खोलगट पट्टे दिसले, माती दबून खाली बसलेली, दोन्ही उत्तर-दक्षिण. दोन कबरी, एक पूर्वेला, एक पश्चिमेला. मधे मोकळी जमीन.

"इथं बाभूय होती," भाई म्हणाले. "मागच्या वारा-वावधनात पडली. तिच्या मुयामुळं मधली जागा सुटली असंल."

बाभूळ ऐकल्यावर मला काटा आठवला. त्या दिवशी माती देताना माझ्या पायात काटा गेला होता आणि मी तो घरी आल्यावर काढला होता. म्हणजे जागा हीच होती. पण दोन्हींतली कोणती, ते काट्यावरून कळत नव्हतं. मी बारा कामट्यांची सरासरी काढली, दोनदा काढली. ती बरोबर मोकळ्या जमिनीत पडली, ना इकडे ना तिकडे. मी तिथेच उकिडवा बसलो आणि मशीनला वऱ्हाडीत दोन शब्द सुनावले. आणखी बारा दिवस आलो असतो तरी ते याहून बारीक सांगणार नव्हतं. त्याची दोरी एवढीच ताणते, पुढे नाही.

अब्बांनी रोज संध्याकाळी विचारलं होतं, आणि मी रोज सांगितलं होतं की अजून दोन दिवस. त्या दिवशी मी म्हणालो, "दोन जागा हायेत. एक अम्मीची हाय, पक्की. कोनती ते मले सांगता येत नाई."

"मले ने तिथं," ते म्हणाले.

"दम लागन, अब्बा. डॉक्टरनं..."

"मले ने."

शेजाऱ्याची रिक्षा फाटकापर्यंत आणली. फाटकापासून पुढे ते माझ्या खांद्यावर एक हात आणि काठीवर दुसरा ठेवून चालले. चार वर्षांपूर्वी जिथे त्यांची खुर्ची होती तिथे क्षणभर थांबले, पण बसता का असं मी विचारलं तर नाही अशी मान हलवली. वाटेत तीनदा उभे राहिले. भाईंनी स्टूल आणलं होतं, त्याच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

जागेवर आल्यावर त्यांनी सलाम म्हटला. मग चपला काढून ठेवल्या आणि आधी पूर्वेकडचा खोलगट पट्टा पाहिला, मग पश्चिमेकडचा. मी त्यांना कामट्या दाखवल्या, सरासरी दाखवली, झाडाखाली चूक का वाढते ते पुन्हा सांगायला लागलो. माझा आवाज चढत चालला होता. खरं म्हणजे मी माफी मागत होतो आणि मला ती नीट मागता येत नव्हती.

"मंधात किती हाय?" अब्बांनी माझं बोलणं तोडलं.

"काय?"

"ह्या दोघीच्या मंधात. जागा."

मला वाटलं माझं सांगणं त्यांना ऐकूच आलं नाही. पण त्यांनी काठी भाईंच्या हातात दिली, माझ्या दंडाला धरून खाली वाकले आणि गवंडी मोजतो तसे मोकळ्या जमिनीवर हात टाकायला लागले, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. एक, दोन, आणि वर वीतभर. दोन्ही काठांना बोटाने रेघ ओढली. मग तसेच वाकलेले राहून त्यांनी श्वास घेतला.

"मानूस बसते," ते म्हणाले.

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी अजूनही तिथे पोचलो नव्हतो. मी म्हणालो, "पन अम्मी कोनत्या बाजूले हाय ते..."

अब्बा सरळ उभे राहिले. आमच्यात मय्यत डोकं उत्तरेला ठेवून निजवतात आणि तोंड पश्चिमेला करतात, किबल्याकडे, म्हणजे नमाजेच्या दिशेला. सगळ्यांचं, बाईचं आणि माणसाचं सारखंच. अब्बांनी हात वर करून आधी पश्चिमेकडची कबर दाखवली.

"ती तिथं असंल तं मी तिच्याकडं पाहत राहीन," ते म्हणाले. मग हात पाठीमागे, पूर्वेकडे नेला. "अन् तिथं असंल तं ती माह्याकडं."

मी कामट्या उपटायला खाली वाकलो आणि तिथेच बसून रडलो.